पितळ चकाकण्याआधी

भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची. याच जिल्ह्यात जवाहरनगरला १९६० च्या दशकापासून आयुधनिर्माणी उभी आहे आणि तिथे दारूगोळ्याला लागणारी स्फोटके व प्रणोदके तयार होतात. घंगाळ आणि काडतूस यांचे नाते काय, असे कुणी विचारील. नाते धातूचे आहे. काडतुसाची पुंगळी साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. महाराष्ट्रात काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला तयार होतात.

बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते, बंदुकीच्या घराला घट्ट बसून वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच आक्रसून मोकळी होते. पितळेचा हा लवचीकपणा टिकला तर तीच पुंगळी पुन्हा भरता येते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. अमेरिकेत मात्र हजारो नेमबाज रिकाम्या पुंगळ्या घरी घासून पुन्हा वापरतात. त्यासाठी ते सौम्य सायट्रिक आम्ल वापरतात, म्हणजे लिंबातलेच आम्ल. विदर्भातल्या बायका चिंच-लिंबाने पितळ उजळत आल्या, त्यामागचे रसायन हेच. आम्ल तीव्र असले किंवा वस्तू त्यात फार वेळ राहिली, तर वरचे जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी पडते. चकाकी आली, पण धातू झिजला.

याहून मोठा धोका अमोनियाचा. ब्रिटिश लष्कराला तो हिंदुस्थानातच कळला. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत अडकून राहिलेला ताण ही तिन्ही एकत्र आली की पितळ तडकते, हा उलगडा १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपायही साधा निघाला: घडवल्यावर पुंगळी हलकी तापवून ताण घालवायचा. ठोकून किंवा दाबयंत्रावर घडवलेल्या भांड्यातही असा ताण राहू शकतो. तरीही बाजारातल्या काही पॉलिशांत अमोनिया असतो आणि ती घेताना बाटलीवरची माहिती फारसे कुणी वाचत नाही.

म्हणूनच भंडाऱ्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पितळेची निगा हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जावा. त्यात कासारांचे हात आणि धातुशास्त्राचे पुस्तक, दोन्ही हवीत. कोणते आम्ल किती सौम्य, किती वेळ, धुऊन वाळवायचे कसे, कल्हई केव्हा करायची, तापवून ताण कसा काढायचा, हे सगळे नेमके सांगता येते. ते आजवर एका पिढीने दुसरीला नुसते दाखवले. घरातला मुलगा दुसऱ्या कामाला लागला की ते तिथेच थांबते.

या अभ्यासक्रमात धुळीचा धडा पहिला असावा. वापरलेल्या पुंगळीत बार पेटवणाऱ्या टिकलीच्या मसाल्यातले शिसे उरते. अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालून फिरत्या पिंपात ती कोरडी घासली की हे शिसे धुळीबरोबर उडते आणि श्वासातून रक्तात जाते. जाणकार नेमबाज म्हणूनच पाण्यात घासण्याकडे वळले. भांड्यांना बफ मारणाऱ्या कारागिराच्या नाकातही धातूची आणि पॉलिशची धूळ दिवसभर जातच असते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हा सारा जिल्हा हादरला आणि चौकशीची मागणी झाली. धुळीने खराब होणाऱ्या फुफ्फुसांची बातमी होत नाही. बफच्या चाकामागे धूळ ओढणारा पंखा, तोंडावर योग्य मास्क, जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सोय आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी, एवढे तरी पितळेच्या प्रत्येक कारखान्यात सक्तीचे करायला हवे. छोट्या कारखानदाराला पंख्याचा खर्च जड जाणार असेल, तर तो जिल्हा नियोजन निधीतून द्यावा.