गाडीचे तोंड कुठे?



आम्ही जुमेरा लेक टॉवर्सवाले गाडी तळघरात लावणारे. रस्त्यावर लावायची वेळ येते ती अल बर्शातल्या व्हिलांकडे पाहुणे म्हणून जाताना. कोजागिरीला असेच झाले. उशीर झाला होता, डाव्या कडेला जागा दिसली आणि मी समोरच्या रहदारीकडे तोंड करून गाडी लावली. मागे उजवीकडे बसलेल्या लेकीने दार उघडले ते थेट रस्त्यात. येणाऱ्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावले. चूक सर्वस्वी माझी.

आपण पुण्या-मुंबईत डावीकडून गाडी चालवायला शिकलो. हमरस्त्यावर इथली उजवी बाजू पाळतो, पण गल्ली रिकामी दिसली की हात जुन्या सवयीने डावीकडे वळतात.

"पाचच मिनिटे" म्हणून धोका टळत नाही. मुले रहदारीत उतरतात. निघताना चालक कडेच्या बाजूला असल्याने पुढे उभ्या गाडीपलीकडचे त्याला दिसत नाही. शिवाय लाल परावर्तक गाडीच्या मागे असतात. उलट्या गाडीचे ते रात्री येणाऱ्याला दिसतच नाहीत.

हा परक्या देशाचा जाच नव्हे. भारतातल्या १९८९ च्या नियमांतही चुकीच्या बाजूला गाडी उभी करण्यास मनाई होती.

पुढच्या कार्यक्रमाला कोणीतरी खाली उभे राहून गाड्या नीट लावून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली पाळी माझी.