एक हात आणि सगळीं शस्त्रें

माहुलीच्या वेढ्यावरची एक नवी कादंबरी नुकतीच अभिप्रायासाठीं हातीं आली. १६३६ सालीं शहाजीराजे ज्या गडावर कोंडले गेले, तो आमच्या शहापूरच्या डोक्यावरच उभा असल्यामुळें आम्हीं ती उत्सुकतेनें वाचली. तिचा नायक आरंभीं तलवार, मध्यें पट्टा आणि शेवटीं विटा चालवितो. आणि तिन्ही वेळां विजेसारखाच चालवितो! शस्त्र बदललें, वाक्य बदललें नाहीं.

पट्टा म्हणजे लांब तलवार नव्हे. त्याचा लोखंडी खोबळा हात कोपराजवळपर्यंत झांकतो. मनगट जखडलें जातें आणि सारा वार खांद्यांतून, कमरेंतून, पायांच्या फिरकींतून काढावा लागतो. तलवारीच्या मुठीवरील वाटोळी चकती मनगटाला आवरते, म्हणून ती खुपसण्यापेक्षां ओढून कापण्यास सोयीची. विटा तर दोरी बांधलेला भाला. फेकणें ही अर्धी विद्या, परत ओढून घेणें ही उरलेली अर्धी. ज्याचा हात पट्ट्यावर बसला, त्यानें विटाही तसाच फेकावा, ही अपेक्षा तबलजीला सतार देण्यासारखी आहे.

वाचकाला एवढा तपशील कशाला, असें लेखकमहाशय म्हणतील. आमचे विद्यार्थी ज्या भूमिका-खेळांत रात्री घालवितात आणि ज्यांना आम्ही प्राध्यापक नाकें मुरडतों, त्या खेळांनाही तो लागतो. १९७८ सालच्या 'रूनक्वेस्ट' या खेळांत प्रत्येक शस्त्राचें कौशल्य निराळें मोजलें जातें, आणि जें वापरावें तेंच वाढतें. (तेथें खेळणाऱ्याचा खांदा दुखत नाहीं, ही गोष्ट वेगळी.) पोरखेळाला जें कळतें तें ऐतिहासिक म्हणविणाऱ्या कादंबरीला कळूं नये काय?

१८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगण्यास बंदी झाली आणि आमचा पांढरपेशा हात अडाणी झाला, हें खरें. पण मुरबाडच्या रानांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या आकडींतला कोयता अजून तेथेंच आहे. आंत वळलेल्या पात्यानें फांदी स्वतःकडे ओढून तोडणारा तो माणूस कुऱ्हाड उचलतांच पाय फांकून उभा राहतो, कारण तिचें वजन पुढें धांवतें. त्याला हें कोणा ग्रंथांत वाचावें लागलें नाहीं. लेखकानें एक सकाळ त्याच्यामागें रानांत काढली असती तर तीन लढाया तीन तऱ्हेच्या झाल्या असत्या.

तूर्त दुसऱ्या आवृत्तींत एवढें तरी करावें: नायकानें फेकलेला विटा पुढच्याच पानावर त्याच्या हातांत परत दिसतो, त्याला दोरी बांधावी.