सुई टोचून घ्या, पण गोळी बंद करू नका

घरात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातलं माणूस असेल, तर हे आजच वाचा.

मी घरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. गेल्या पावसाळ्यात एका घरी ड्रेसिंगला गेले. मावशी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दुखण्यावरच्या मॉर्फिनची स्ट्रिप देव्हाऱ्याखालच्या खणात, चार दिवसांत एकही गोळी काढलेली नाही. मुलगा म्हणाला, "सिस्टर, ॲक्युपंक्चर सुरू केलंय. सुईवाले म्हणतात, ॲलोपॅथी बंद केल्याशिवाय गुण येत नाही. आणि आईला सवय लागली तर?" मी मावशींना विचारलं, दहापैकी किती दुखतंय? त्यांनी दोन्ही हातांचे पंजे उघडून दाखवले.

माझं ॲक्युपंक्चरशी भांडण नाही. 2023 मध्ये अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे 298 रुग्ण. काहींना सुया, काहींना मालिश, दहा आठवडे दर आठवड्याला. दुखणं दोन्हीकडे कमी झालं, झोपही सुधारली. सुई मालिशपेक्षा सरस मात्र ठरली नाही. दोन्हींपैकी काहीच न मिळालेला तिसरा गट नव्हता, त्यामुळे सुईचा स्वतःचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. पण पेशंटला बरं वाटत असेल तर करा की! फक्त गोळीच्या जोडीला करा, गोळीच्या जागी नको.

आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय सुई नको. गाठीवर किंवा ऑपरेशननंतर सुजलेल्या हातावर तर नकोच. आपल्या महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नका. सुईचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे.

आता मॉर्फिन. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेलाच द्यायची, दुखायची वाट बघत बसायचं नाही. बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. डॉक्टरांच्या देखरेखीत वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. उलट गोळी एकदम तोडली की अंगाला त्रास होतो आणि दुखणं उसळतं. मात्रा आपल्या मनाने वाढवू-घटवू नका, डबा पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून वाट सोपी केली, तरी मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र, इथे वेदनेवर इलाज करणारी माणसं आहेत. लांब राहत असाल तर जिल्हा रुग्णालयात जाऊन 'पॅलिएटिव्ह केअर' कुठे आहे एवढं विचारा.

एका बाबतीत मात्र थांबून चालणार नाही. पाठीत नव्याने कळ येऊन पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर सुई नको, मालिश नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मणक्यातल्या नसांवर दाब येत असू शकतो. उशीर झाला तर पायांतली ताकद बहुधा परत येत नाही.

आज रात्री पेशंटजवळ बसा. दहापैकी किती, विचारा. आकडा आणि वेळ वहीत लिहा, गोळी कधी दिली तेही लिहा. पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांपुढे उघडी ठेवा, आणि सुईवाल्यांपुढेही.