कुकरचे झाकण अडते तेव्हा

विलायती घरांत आपली सफाई आपणच करणारी भट्टी असते. ती सुमारे ४८० अंशांपर्यंत तापते आणि निवेपर्यंत तिचे दार कुलूपबंद राहते. बल्लारपूर, घुग्घुसच्या खोल्यांत ती कुठली! आपल्याकडे त्या जातीचे कुलूप एकच, कुकरचे झाकण.

पहिल्या पाळीचा डबा भरायचा असतो, झाकण निघत नाही, मग सांडशीने ठोकाठोक सुरू होते. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. आतली वाफ १२० अंशांच्या आसपास असते. आतून बसणारे झाकण ती वाफच दाबून धरते. वाफ उतरली की ते सैल पडते. बाहेरून फिरवायचे झाकण मात्र जोर केल्यास वाफ असतानाही सुटू शकते आणि उकळते वरण अंगावर येते. शिट्टीखालच्या भोकात डाळ अडकली असेल तर शिट्टी उचलूनही वाफ कळत नाही. म्हणून गॅस बंद करून कुकर हाताला गार लागेपर्यंत थांबावे. गार होऊनही अडले, तर आत वाफेचे पाणी होऊन पोकळी झालेली असते. शिट्टी काढून हवा आत जाऊ द्यावी.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की कोणी तिथे खिळा ठोकतात, कोणी कणीक लावतात. अहो, त्यातला धातू मुद्दाम लवकर वितळणारा असतो. तो वितळला म्हणून कुकर फुटला नाही! त्याच कंपनीचा नवा बसवावा. नव्या कुकरवर आयएसआय चिन्ह पाहावे. केंद्राच्या २०२० च्या आदेशाने ते सक्तीचे आहे.

डाळ लावताना कुकर निम्म्याच्या वर भरू नये. भोक रोज उजेडाकडे धरून तपासावे. हे काम डबा नेणाऱ्याने केले तरी चालते.