आमसुलाचं बोर्श

बीट म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, कोशिंबीर आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनचं आधीच उरकून टाकतो. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. तो लाल रंग लोहाचा नव्हे, बिटातल्या वेगळ्याच रंगद्रव्याचा. तरीही मी बिटाची बाजू घेणार आहे. कारण गेले दोन हिवाळे जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या आमच्या घरी महिन्यातून एकदा बीट, मटण आणि कंदांचं एक दाट सूप शिजतं आणि बाबा ते दोन दिवस पुरवून खातात. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. 'एकट्यासाठी कुठे चूल पेटवायची' म्हणत भात-लोणच्यावर भागवायचे. पातेलंभर सूप तयार असलं की मात्र जेवायला बसतात, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते सोडलं नाही.

सूप मूळचं युक्रेनचं, नाव बोर्श. मला ते आमच्या टीममधल्या एका सहकारी बाईंनी शिकवलं. त्या खार्किवच्या, २०२२ पासून पोलंडमध्ये भाड्याच्या घरात राहतात. पहिल्याच कॉलवर त्यांनी बजावलं होतं, की बोर्श म्हणजे बिटाचं सूप नव्हे, आंबट सूप. नंतर वाचलं तर खरंच, हे नाव मुळात एका रानटी पाल्याचं. तो आंबवून त्याचं सूप करत, बीट मागाहून आलं. बटाटा आणि टोमॅटो तर अमेरिका खंडातून आलेले, म्हणजे त्याहूनही नवे. त्यामुळे 'अस्सल बोर्श'च्या भानगडीत न पडता मी आंबटपणासाठी व्हिनेगरऐवजी आमसूल घेतलं आणि बटाट्याऐवजी मुडली. बाई म्हणाल्या, चालेल, आंबट आहे ना?

मुडली म्हणजे काय, हे जोयड्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. अळूच्या कुळातला लांबट, दणदणीत कंद. आमच्या तालुक्यातल्या कुणबी बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपलाय. जोयड्यात हिवाळ्यात कंदांचा मेळा भरतो, तिथे मुडली, कणगर, कोनफळ, सुरण अशी आरास बघायला मिळते. त्या दिवसांत इकडे येणार असाल तर धबधब्यांच्या आधी ती बघा.

आता कृती, चार-पाच जणांसाठी. अर्धा किलो मटण, नळी आणि बरगडीचं, दोन लिटर पाण्यात मीठ, तमालपत्र आणि आठ-दहा मिरी घालून मंद आचेवर दीड-दोन तास शिजवा. वरचा फेस काढत राहा. कुकरने वेळ वाचतो, पण पाणी गढूळ होतं असं माझं मत. पाव किलो मुडली हाताला तेल लावूनच सोला, नाहीतर संध्याकाळपर्यंत खाजवत बसाल. फोडी मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. मुडली न मिळाल्यास अळकुड्या घ्या. मटण मऊ झालं की या फोडी, एक गाजर आणि पाव गड्डा कोबी त्यात सोडा.

बिटाची चूल वेगळी. तीन मध्यम बिटं काड्यांसारखी चिरून कांदा-लसणावर परता, दोन टोमॅटो आणि सात-आठ आमसुलांचं दाट पाणी घाला, झाकण ठेवून पंधरा मिनिटं. कंद पूर्ण शिजल्यावरच हे पातेल्यात ओता, एक उकळी आली की गॅस बंद.

हा क्रम का, याचं उत्तर माझ्यातल्या इंजिनियरला फार आवडतं. आंबटात कंद आणि कोबी लवकर मऊ होत नाहीत. डाळ शिजल्यावरच चिंच घालतात ती याचसाठी. उलट बिटाचा रंग आंबटातच टिकतो आणि फार उकळला की तपकिरी पडतो. शिवाय अळूच्या कुळातलं काहीही असलं की आंबट हवंच, नाहीतर घसा खवखवतो. एका आमसुलात तीन कामं होतात. वरून त्यांच्या आंबट सायीच्या जागी चमचाभर चक्का आणि शेपूऐवजी कोथिंबीर. अर्धा तास मुरू द्या. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं. बाबा याला 'सार' म्हणतात आणि भातावर घेतात. खार्किवला हे अजून कळवलेलं नाही.

एक सूचना. बीट खाल्ल्यावर काहींना दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते. बाबांचा सकाळी सहाला फोन आला होता. बिटामुळे असेल तर एक-दोन दिवसांत जातं. टिकलं किंवा बीट न खाताच दिसलं, तर डॉक्टरांकडे जा. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बीट आणि अळूचे कंद दोन्ही बेतानेच खावेत.

२०२२ च्या जुलैमध्ये युनेस्कोने युक्रेनची बोर्श शिजवण्याची परंपरा तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. कारण पाककृती हरवली असं नव्हे. माणसं घरांपासून आणि परसापासून तुटली, भाजी लावायची कुठे आणि एकत्र शिजवायचं कुणी, हा प्रश्न होता. हे वाचून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. काळी नदीवरच्या धरणात आमचं सुपा गाव बुडालं आणि आम्ही रामनगरचे झालो. तेव्हा आजीने भांड्यांच्या पोत्यात मुडलीचे डोळे आणले होते. ते तिला शेजारच्या कुणबी घरातून मिळालेले. आज परसात आहे ती मुडली त्याच बेण्याची. ही दरवर्षी खणावी लागते, दरवर्षी लावावी लागते. एक वर्ष चुकलं तर बाजारातून आणता येईल, पण ती दुसऱ्या कुणाची.

बाबांचे गुडघे आता खणू देत नाहीत. यंदाची मुडली मी खणली. ते खुर्चीवर बसून 'डावीकडून, डावीकडून' सांगत होते. बेण्याचे बारा डोळे राखेत घोळून माळ्यावर ठेवलेत. लावणी पहिल्या पावसाच्या आधी. मेच्या शेवटच्या आठवड्याची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे, मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा 'कौटुंबिक' लिहिलं.