सव्वातीन मिनिटांसाठी सुट्टी

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार. मेलबर्नमध्ये दुपारी तीनला घोडे सुटतात आणि ‘मेलबर्न कप’ ही ३२०० मीटरची शर्यत साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटांत आटोपते. तेवढ्यासाठी शहराला चक्क सार्वजनिक सुट्टी!

पहिला मेलबर्न कप आर्चर नावाच्या घोड्याने जिंकला, १८६१ मध्ये. आज फ्लेमिंग्टनच्या मैदानावर न जाणारेही टीव्हीपुढे जमतात, पण टोप्या-पिसांचा नखरा घरातही सुटत नाही. टेबलावर पिवळे गुलाब. ते या शर्यतीचे फूल.

खरी गंमत चिठ्ठ्यांची. जास्तीत जास्त २४ घोडे धावतात. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या घडी घालून वाडग्यात टाकायच्या. ज्याला जो येईल तो त्याचा. मग घोड्यांमधलं ओ की ठो न कळणारी आजीसुद्धा ‘माझा कुठाय?’ म्हणत खुर्चीच्या कडेवर येते.

खाणे एका हातात मावणारे हवे. तिथे चिकन सँडविचची रीत आहे. २०२४ मध्ये कप ५ नोव्हेंबरला आला, भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनी; तिथल्या मराठी घरांत फराळाचे डबे रिकामे झाले नसणारच. चकली चालेल, शंकरपाळेही. चिवडा मात्र नको: घोडे शेवटच्या वळणावर आले की निम्मा गालिच्यावर.