टीव्ही तुमचा, मग रिमोट कुणाचा?

चौघांनी वर्गणी काढून कास्टिंग स्टिक घेतली, हॉस्टेलच्या खोलीतल्या टीव्हीला जोडली आणि कॉलेजच्या वाय-फायवर मॅच लावायला गेलात, की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर फोनला टीव्ही सापडतच नाही. नाहीतर अख्ख्या मजल्यावरचे टीव्ही यादीत दिसतात आणि बोट चुकलं तर तुमची मॅच शेजारच्या खोलीत सुरू! घरी दोन मिनिटांत चालणारं हे खेळणं कॅम्पसमध्ये आल्यावर असं का वागतं?

अंगणातली हाक

कारण ही उपकरणं घरासाठीच बनली आहेत. अ‍ॅपलचं एअरप्ले 2010 मध्ये आलं, गुगलचं क्रोमकास्ट 2013 मध्ये. दोघांचा साधा हिशोब असा, की एका राउटरवर जेवढे लोक, ते सगळे घरचे. फोन नेटवर्कवर हाक मारतो, ‘टीव्ही आहे का कुणी?’ टीव्ही ओ देतो, ‘मी इथे!’ झाली ओळख. पासवर्ड नाही, विचारपूस नाही. या हाकेला तांत्रिक भाषेत ‘एमडीएनएस’ म्हणतात.

वाड्याच्या अंगणात अशी हाक चालून जाते. कॅम्पस म्हणजे मात्र हजारोंचं गाव. तिथे प्रत्येकाने अशी दवंडी पिटायला सुरुवात केली तर? वाय-फायवर सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश साधारणपणे कमी वेगाने जातो, कारण लांबच्या, कमजोर सिग्नलवाल्यालाही तो ऐकू यायला हवा. तेवढा वेळ बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणून कॅम्पसचं नेटवर्क छोट्या छोट्या भागांत तोडलेलं असतं. ही हाक एका भागातून दुसऱ्या भागात जातच नाही. अनेक ठिकाणी तर दोन युजर्सनी एकमेकांशी थेट बोलणंच बंद असतं. तुमचा फोन एका भागात, टीव्ही दुसऱ्या भागात, मग भेट होणार कशी?

त्यात लॉग-इनची अडचण. ‘एज्युरोम’सारख्या कॅम्पस वाय-फायवर प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड द्यावा लागतो. क्रोमकास्टमध्ये ते भरायची सोयच नाही. ते दारातच अडतं.

2012 चा अर्ज

यावर सगळ्यात आधी बोंब ठोकली ती अमेरिकेतल्या विद्यापीठांनी. वर्गात प्रोजेक्टरची वायर शोधण्यापेक्षा आयपॅडवरून थेट पडद्यावर दाखवावं, असं प्राध्यापकांना वाटू लागलं होतं. विद्यार्थी हॉस्टेलवर अ‍ॅपल टीव्ही घेऊन येत होते. 2012 मध्ये ‘एज्युकॉज’ या संस्थेशी जोडलेल्या नेटवर्क व्यवस्थापकांनी अ‍ॅपलला जाहीर अर्जच केला, की तुमची उपकरणं मोठ्या नेटवर्कवर चालतील अशी बनवा.

त्याच सुमारास अरुबा, सिस्को अशा नेटवर्क कंपन्यांनी मधला मार्ग काढला. हाक सगळीकडे जाऊ द्यायची नाही. मध्ये एक ‘गेटवे’ बसवायचा. कोणता टीव्ही कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं आणि कुणी विचारलं तर कुणाला काय दाखवायचं हे तो ठरवतो. विद्यार्थ्याने आपलं उपकरण पोर्टलवर नोंदवायचं आणि ते स्वतःला आणि रूममेट्सना दिसेल एवढंच ठेवायचं. वर्गातला पडदा त्या वर्गात बसलेल्यांनाच दिसणार, तोही पडद्यावरचा कोड टाकल्यावर.

दिसलं की हाती लागलं

एवढी खटपट कशाला, असं वाटत असेल तर जानेवारी 2019 आठवा. हजारो क्रोमकास्टवर अचानक एक अनोळखी व्हिडिओ झळकला. तुमचं उपकरण इंटरनेटवर उघडं पडलंय, असा इशारा आणि वर प्युडीपाय या यूट्यूबरला सबस्क्राइब करा, अशी जाहिरात! घरच्या राउटरच्या सेटिंगमुळे ही उपकरणं बाहेरून दिसत होती आणि दिसली की ताब्यात घेता येत होती. हे झालं मस्करीवर निभावलेलं. पण हॉस्टेलमध्ये कुणीतरी मध्यरात्री तुमच्या टीव्हीवर नको ते लावलं किंवा प्रेझेंटेशन चालू असताना मागच्या बाकावरून पडदा बळकावला, तर ती मस्करी राहत नाही.

नियंत्रण म्हणजे बंदी नव्हे

खरी मेख इथेच आहे. गेटवेला पैसे लागतात, ते चालवायला माणूस लागतो. त्यापेक्षा ‘स्ट्रीमिंग उपकरणांना मनाई’ अशी नोटीस चिकटवणं सोपं. इंटरनेटच्या बाबतीत आपल्याकडे ही सवय जुनी आहे. 2007 मध्ये आयआयटी मुंबईने हॉस्टेलमधलं इंटरनेट रात्री अकरानंतर बंद ठेवायला सुरुवात केली होती. 2019 मध्ये मुलींच्या हॉस्टेलमधल्या मोबाइलबंदीच्या तासांवरून प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा इंटरनेट वापरता येणं हा मूलभूत हक्काचा भाग असल्याचं न्यायालयाने सांगितलं. त्या निकालातून कास्टिंग स्टिकचा हक्क निघत नाही, हे खरं. पण शिस्तीच्या नावाखाली काहीही बंद करता येत नाही, एवढं नक्की निघतं.

शिवाय बंदी टिकतही नाही. पोरं स्वतःचा राउटर आणतात किंवा फोनचा हॉटस्पॉट लावतात. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन. खोलीखोलीत राउटर लागले की सगळ्यांचंच वाय-फाय रडतं आणि कॉलेजच्या हाती कसलंच नियंत्रण उरत नाही.

अर्थात, नोंदणीलाही दुसरी बाजू आहे. कुणाचं उपकरण कोणत्या खोलीत, किती वाजता, कुणाच्या फोनने वापरलं, याची नोंद तयार होते. मॅचची सोय करता करता रेक्टरच्या हाती हजेरीपुस्तक जायला नको.

म्हणून कॉम्प्युटर सेंटरकडे जाताना ‘आमचं कास्टिंग का चालत नाही?’ एवढंच विचारून परत फिरू नका. उपकरण नोंदवायची सोय आहे का? ते कुणाला दिसावं हे मालक ठरवणार की ऑफिस? वापराची नोंद किती दिवस ठेवता आणि ती कोण बघू शकतं? वर्गातल्या पडद्याला कोड आहे का? हे प्रश्न लेखी द्या, शक्यतो विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत. दार उघडं टाकायचं की कुलूप लावायचं, एवढे दोनच पर्याय नसतात. किल्ली ज्याच्या खोलीची, त्याच्याच हातात देता येते.